पिव्हटवरच्या दांडीचा टक्कर संच: गोव्यातल्या प्रयोगशाळेने घ्यावा का?

आसेवर झुलणाऱ्या दांडीवरच्या वाटीत स्प्रिंगच्या लाँचरने चेंडू मारायचा आणि दांडी किती अंश उठते ते मोजायचं, असा हा संच. आधी निकाल. संचातली दांडी आणि लाँचर उत्तम आहेत, सोबतचं माहितीपत्रक चुकीचं आहे, आणि स्प्रिंग आपल्या हवेत टिकणारी नाही. तरीही उच्च माध्यमिकच्या प्रयोगशाळेत हा संच असावा असं माझं ठाम मत आहे. कोनीय संवेग (फिरण्यातला संवेग) हा विषय फळ्यावर जितका कोरडा वाटतो, तितकाच तो या दांडीसमोर उभं राहिल्यावर जिवंत होतो. फक्त माहितीपत्रक बाजूला ठेवून प्रयोग नव्याने मांडावा लागतो. तो कसा मांडायचा आणि कुठे काय फसतं, ते खाली देतो.

गोवा बोर्डाला अकरावीचं पदार्थविज्ञान एनसीईआरटीच्या पुस्तकातून शिकवतात. त्याच्या जुन्या आवृत्तीतलं दाराचं गणित बहुतेक शिक्षकांना पाठ असेल: १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ५०० मीटर वेगाने येते आणि १ मीटर रुंद, १२ किलोच्या दारात बरोबर मधोमध रुतते. बिजागरीभोवती गोळीचा कोनीय संवेग २.५, दाराचं जडत्व आघूर्ण (फिरवण्याला होणारा विरोध) ४, म्हणून दाराचा कोनीय वेग ०.६२५ रेडियन प्रतिसेकंद. मुलं हे भराभर सोडवतात. पण पुढचा प्रश्न विचारला की वर्ग गप्प होतो. गोळीचा सरळ संवेग ५ होता, टक्करीनंतर दाराचा भरतो ३.७५. उरलेला १.२५ गेला कुठे? तो बिजागरीने घेतला. आणि बिजागरीच्या या धक्क्याचा हिशेब न ठेवताही उत्तर बरोबर येतं, कारण बिजागरीभोवती त्या धक्क्याचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) शून्य असतो. हा एवढा मुद्दा मुलांच्या डोक्यात पक्का बसवण्यासाठीच हा संच घ्यायचा.

खोक्यात १२ मिमी चौरस ॲल्युमिनियमची ५० सेमी लांब दांडी मिळते, वजन १९० ग्रॅम. वरच्या टोकापासून १ सेमी खाली ६ मिमीची पोलादी आस आहे आणि ती दोन ६२६ नंबरच्या बेअरिंगमध्ये फिरते. दांडीवर वरखाली सरकवून स्क्रूने आवळता येणारी झेलवाटी १२ ग्रॅमची. तीन टप्प्यांचा स्प्रिंग लाँचर, १९ मिमी व्यासाचे पोलादी चेंडू (प्रत्येकी २८ ग्रॅम), तेवढ्याच आकाराचे नायलॉनचे चेंडू, एक अंशाच्या खुणांचा कोनमापक, त्यावर सरकणारा काटा, एक फोटोगेट (किरण किती वेळ अडला त्यावरून वेग सांगणारं साधन) आणि ओतीव लोखंडाचा जड स्टँड. शिवाय आडवी फिरणारी एक तबकडी, तिच्याबद्दल शेवटी. नायलॉनचे चेंडू लगेच बाजूला काढा. चार ग्रॅमचा चेंडू सेकंदाला ५ मीटर वेगाने जरी वाटीत शिरला, तरी दांडी जेमतेम साडेपाच अंश हलते. एक अंशाच्या खुणांवर त्यातून काहीच हाती लागत नाही.

आता माहितीपत्रकाच्या चुका, कारण त्या मुलांच्या वहीत जशाच्या तशा उतरतात. पहिली चूक: दांडीचं जडत्व आघूर्ण 'वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग भागिले तीन' असं दिलं आहे. हे सूत्र आस अगदी टोकाला असेल तरच चालतं. इथे ती १ सेमी खाली आहे, म्हणजे दांडीच्या मध्यापासून २४ सेमीवर. समांतर अक्षाच्या प्रमेयाने खरं मूल्य येतं ०.०१४९ किग्रॅ-मीटर वर्ग, पत्रकाच्या सूत्राने ०.०१५८. सहा टक्क्यांचा फरक एका सेंटिमीटरमुळे पडतो. त्यात वाटी किंवा चेंडूचं वजन धरायचं राहिलं, तर पुढची आकडेमोड कितीही नेटकी केली तरी जुळत नाही.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे. पत्रकात टक्करीच्या आधीचा आणि नंतरचा सरळ संवेग समान धरला आहे. इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्सने १७४२ मध्ये बंदुकीच्या गोळीचा वेग मोजायला लंबकाची जी युक्ती मांडली, तिची शाळेसाठी सोपी केलेली मांडणी सगळं वजन एका बिंदूत धरते. लांब दोरीला टांगलेल्या ठोकळ्याला ते चालतं. जाड दांडीला चालत नाही. आकडेच पाहा. चेंडू सेकंदाला ३.२ मीटर वेगाने आला आणि आसेपासून ४५ सेमीवरच्या वाटीत अडकला. आधीचा कोनीय संवेग ०.०२८ गुणिले ३.२ गुणिले ०.४५, म्हणजे ०.०४०३. दांडी, वाटी आणि चेंडू मिळून जडत्व आघूर्ण ०.०२३०. कोनीय वेग १.७५ रेडियन प्रतिसेकंद. आता सरळ संवेग काढा: आधी ०.०८९६, नंतर ०.१११५. वाढला! आसेने दांडीला पुढच्या दिशेने धक्का दिला. वाटी वर सरकवून १५ सेमीवर आणा आणि तोच चेंडू मारा: टक्करीनंतर सरळ संवेग उरतो फक्त ०.०४३९. या वेळी आसेने मागे ओढलं आणि निम्म्याहून जास्त संवेग खाऊन टाकला. कोनीय संवेग मात्र दोन्ही वेळा आधी जितका तितकाच नंतर.

या दोन टोकांच्या मध्ये एक जागा अशी असणारच, जिथे आसेचा धक्का शून्य होतो. त्याला आघातकेंद्र म्हणतात. दांडीचं जडत्व आघूर्ण भागिले वस्तुमान आणि मध्याचं अंतर यांचा गुणाकार, म्हणजे ०.०१४९ भागिले ०.०४५६, उत्तर ३२.७ सेमी. वाटीचं किंवा चेंडूचं वजन यात येतच नाही. क्रिकेटच्या बॅटवर चेंडू ज्या जागी बसला की हाताला झिणझिण्या येत नाहीत, ती हीच जात. मुलांना हे हाताने जाणवून द्यायचं असेल, तर वाटी काढा, बेअरिंग स्टँडमधून सोडवा, आसेची दोन्ही टोकं एका मुलाच्या चिमटीत हलकेच धरायला द्या आणि दुसऱ्याने लाकडी हातोडीने दांडीवर टिचकीएवढा ठोका द्यावा. १५ सेमीवर ठोका दिला की आस ठोक्याच्या दिशेने बोटांवर रेटते, ४५ सेमीवर उलट दिशेने, आणि ३३ सेमीच्या आसपास काहीच जाणवत नाही.

याच जागेची दुसरी ओळख त्याहून सुंदर आहे आणि तिला लाँचरसुद्धा लागत नाही. वाटी काढून दांडी पाच-सात अंशांनी ओढून सोडा. १० झोके साडेअकरा सेकंदांत पूर्ण होतात. आता शेजारी दोऱ्याला छोटा ओळंबा बांधून साधा लंबक करा आणि दोऱ्याची लांबी अशी जुळवा की दोघेही बरोबरीने झुलतील. ती लांबी टांगणीपासून ओळंब्याच्या मध्यापर्यंत मोजली की ३२.७ सेमी भरते. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६७३ मध्ये ज्या दोलनकेंद्राचा सिद्धांत मांडला, ते आणि आघातकेंद्र एकच आहेत. एका दोऱ्याने शोधलेली जागा टक्करीतही तीच निघते, हे ज्या वर्गाने एकदा पाहिलं त्याला जडत्व आघूर्ण वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शिवाय या झोक्याच्या वेळेवरून दांडीचं जडत्व आघूर्ण थेट मोजता येतं, सूत्रावर विसंबावं लागत नाही. तिथे गुरुत्वत्वरण ९.७८ घ्या. गोव्याच्या अक्षांशावर समुद्रसपाटीला तेवढंच येतं. ९.८१ हे आपल्याकडचं मूल्य नव्हे.

आता प्रत्यक्ष टक्कर. स्टँड टेबलाच्या कडेला दोन सी-क्लॅम्पने आवळा. एका क्लॅम्पवर स्टँडचं वरचं टोक थरथरतं आणि ऊर्जा तिकडे जाते. लाँचर वेगळ्या आधारावर हवा. त्याच्या नळीवर पाणसळ ठेवून ती आडवी करा. पट्ट्यांनी बांधलेला लाँचर दोन-चार वेळा डागला की पुढून किंचित वर उचलला जातो, म्हणून पाणसळ प्रत्येक टप्प्यावर पुन्हा पाहावी. नळीचं तोंड वाटीपासून ५ सेमीच्या आत असावं. २० सेमी अंतर ठेवलं तर या वेगाला चेंडू वाटेतच जवळपास २ सेमी खाली येतो, वाटीच्या कडेवर आपटतो, आणि मग काय मोजलं ते सांगता येत नाही.

चेंडूचा वेग मोजायला फोटोगेट आहे, पण मी जमिनीवरच्या कार्बन पेपरवर जास्त विश्वास ठेवतो. ९० सेमी उंचीच्या टेबलावरून ३.२ मीटर वेगाचा चेंडू १.३७ मीटरवर पडतो आणि कार्बनखालच्या कागदावर ठिपका उमटतो. दहा ठिपक्यांचा मध्य घ्या. लाँचर दोन अंश वर झुकलेला असेल तर पल्ला साडेतीन सेमीने वाढतो आणि वेगात अडीच टक्के चूक येते, पण ठिपक्यांची ओळ पाहून ही चूक पकडता तरी येते. फोटोगेटमधली चूक दिसत नाही. चेंडू किरणाला मधोमध न कापता ३ मिमी वरून गेला, तर किरण १९ ऐवजी १८ मिमीच अडतो आणि वेग पाच टक्के जास्त दिसतो. गेट वापरायचाच असेल तर चेंडू हाताने नळीच्या तोंडाशी धरून किरण त्याच्या मध्यावर येतो का ते आधी पाहा. खिडकीतून थेट ऊन आत येत असेल किंवा डोक्यावर जुनी ट्यूब असेल, तर या गेटचा मोजणारा भाग भलतेच आकडे दाखवतो. पडदा ओढा, गेट उलट बाजूला वळवा.

वाटीत चेंडू अडकणं हा या प्रयोगाचा प्राण आहे. आतला फोम कडक झाला की चेंडू उसळून बाहेर येतो, आणि उसळलेला चेंडू दांडीला जास्त कोनीय संवेग देऊन जातो, कारण तो स्वतः उलट दिशेचा संवेग घेऊन परततो. म्हणजे कोन मोठा येतो आणि मुलांना वाटतं प्रयोग उत्तम झाला. फोम काढून टाका आणि तळाशी मॉडेलिंग क्लेचा अर्धा सेंटिमीटर थर द्या. थर दिल्यावर वाटी पुन्हा वजन करा, कारण १२ ग्रॅमचे सहज १६ होतात.

वाटी दांडीच्या पुढच्या बाजूला आहे, मागे समतोल वजन नाही. ही बनावटीतली उणीव आहे. चेंडू वाटीत बसला की दांडीची स्थिर जागाच सुमारे अर्ध्या अंशाने सरकते. म्हणून शून्य वाचताना चेंडू वाटीत ठेवून वाचा. काट्याचंही तसंच. तो दांडीने ढकलला जाताना थोडी ऊर्जा खातो. आधी एकदा डागा, काटा जिथे थांबला त्याच्या दोन अंश मागे आणून ठेवा आणि पुन्हा डागा. मग त्याला दोनच अंश ढकलावं लागतं. दांडी परत येताना वाटी लाँचरच्या तोंडावर आपटते, म्हणून एकाने तिला वरच्या टोकाला असतानाच हाताने अलगद पकडावं. मागे गोणपाट कोंबलेलं खोकं ठेवा आणि डागणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा हवाच.

वरच्या आकड्यांनुसार (चेंडूचा वेग ३.२ मीटर, वाटी ४५ सेमीवर) दांडी १९.४ अंशांपर्यंत उठायला हवी. सगळं नीट जुळवलं की साडेअठरा ते एकोणीस वाचन मिळतं. उरलेली तूट बहुतेक बेअरिंगची असते आणि ती मोजता येते: दांडी २० अंशांवरून सोडा, एक पूर्ण झोका होऊन ती परत किती अंशांवर येते ते पाहा, आणि जितकी घट झाली तिचा चौथा भाग आपल्या वाचनात मिळवा, कारण टक्करीनंतरची चढण म्हणजे पाव झोका. कोन वाचण्यात अर्ध्या अंशाची चूक झाली तर कोनीय वेगात अडीच टक्क्यांची चूक येते. त्याहून बारीक दावा या कोनमापकावर करू नये.

मुलांच्या वहीत सर्वांत जास्त दिसणारा घोटाळा ऊर्जेचा. चेंडूची गतिज ऊर्जा ०.१४३ जूल, ती सगळी दांडी वर उचलण्यात गेली असं धरलं तर कोन येतो जवळपास ४० अंश. समोर दांडी १९ वर थांबलेली असते. चेंडू क्लेमध्ये रुतताना तीन चतुर्थांश ऊर्जा उष्णता आणि विकृतीत जाते, दांडीकडे उरते ०.०३५ जूल. टक्कर होताना कोनीय संवेग, टक्कर झाल्यावर वर चढताना ऊर्जा: हे दोन टप्पे वेगळे ठेवायला शिकवण्यासाठी ४० आणि १९ यांच्यातली दरी फार उपयोगी पडते. मुलांना आधी चुकीच्या पद्धतीने भाकीत करू द्यावं आणि मगच डागावं.

आता गोव्यापुरतं. संच कोरड्या हवेत बनलेला आहे आणि ते जागोजाग दिसतं. लाँचरच्या स्प्रिंगवर नुसता पातळ मुलामा आहे. संच उघडा ठेवून चवथीच्या सुट्टीत प्रयोगशाळा बंद राहिली, तर परतल्यावर स्प्रिंगवर तांबूस डाग दिसतात, आणि गंजलेली स्प्रिंग नळीला घासून प्रत्येक वेळी वेगळा वेग देते. किनाऱ्यालगतच्या शाळांत खारा वारा असल्याने हे आणखी लवकर होतं. पहिल्याच आठवड्यात तेवढ्याच मापाची स्टेनलेस स्टीलची स्प्रिंग करून घ्या. तारेची जाडी, बाहेरचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या व्हर्नियरने मोजून द्यायची. नवी स्प्रिंग बसली की तिन्ही टप्प्यांचे वेग पुन्हा मोजावे लागतात, जुना तक्ता फेकून द्या. चेंडू शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वापरण्याआधी कोरडे पुसा. तेलकट चेंडू कार्बन पेपर बरबटवतो आणि क्लेमध्ये चिकटत नाही.

बेअरिंग पत्र्याच्या झाकणाची, झेडझेड प्रकारची आहेत. त्यांतलं घट्ट ग्रीस फिरत्या यंत्रासाठी ठीक, हलक्या दांडीसाठी जड. रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ग्रीस काढा, पूर्ण वाळवा, एकेक थेंब पातळ तेल सोडा. झोक्यातली घट लगेच कमी होते. या सोयीची किंमत अशी की ग्रीस गेल्यावर ओलाव्यापासून संरक्षणही जातं, तेव्हा दर पावसाळ्याआधी बेअरिंग तपासावी. रबरी झाकणाची बेअरिंग बसवण्याचा मोह होईल, पण त्यांचं रबर आतल्या कड्याला घासतं आणि मूळ प्रश्न परत येतो. ६२६ हा सर्रास मिळणारा नंबर आहे. म्हापसा, मडगाव, फोंडा कुठेही बेअरिंगच्या दुकानात विचारा. आस वाकली तर कुंडई किंवा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवाल्याकडून ६ मिमीची नवी करून घेता येते.

आडव्या तबकडीचा भाग कमकुवत आहे. ती एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) आहे आणि जुलैत फुगून डगमगते. तेवढ्याच व्यासाची, ३० सेमीची, ५ मिमी जाड ॲक्रिलिकची तबकडी कापून घेतली की ती कामाची होते. तिच्यावर २८ ग्रॅमचा चेंडू टाकून वेग फारसा बदलत नाही, त्याऐवजी १०० ग्रॅमचं खाचेचं वजन मध्यापासून १२ सेमीवर अलगद ठेवा. वेग आधीच्या ७६-७७ टक्क्यांवर येतो आणि मोबाइलवर चित्रित करून फेऱ्या मोजल्या तरी फरक स्पष्ट दिसतो. उतरंडीवरून चेंडू सोडून तबकडीवर झेलायचा असेल, तर घरंगळणाऱ्या चेंडूचा वेग घसरणाऱ्या वस्तूच्या सुमारे साडेचौऱ्याऐंशी टक्केच असतो हे विसरू नका. पत्रकात तेही विसरलं आहे.

विकत घेताना विक्रेत्याकडे चार गोष्टी लेखी मागा: स्टेनलेस स्प्रिंग, ॲक्रिलिक तबकडी, दोन जादा झेलवाट्या, आणि दांडीवर आसेपासून मोजलेल्या सेंटिमीटरच्या कोरीव खुणा. सध्याच्या खुणा दांडीच्या टोकापासून आहेत, त्यामुळे प्रत्येक वाचनातून १ सेमी वजा करावा लागतो आणि तिथे अर्धा वर्ग चुकतो. खुणा बदलून मिळाल्या नाहीत तर पातळ स्टीलची पट्टी शून्य आसेवर जुळवून दांडीच्या मागच्या बाजूला चिकटवा, आणि पट्टीसकट दांडीचं वजन व झोक्याची वेळ पुन्हा घ्या.